जुनं नेटवर्क ठेवायचं की बदलायचं: आयपीएक्स, नेटब्यूई आणि टीसीपी/आयपी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात अजून डॉसवरचा हिशेब चालतो, नेटवेअर ३.१२ च्या सर्व्हरवर. नेटवेअर म्हणजे फाइली आणि प्रिंटर सगळ्या मशीनांना वाटून देणारं नॉव्हेल कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर; ते आयपीएक्सवर बोलतं. मालक विचारतात, "बिलं निघतायत ना, मग बदलायचं कशाला?"

आयपीएक्स, नेटब्यूई आणि टीसीपी/आयपी हे तीन प्रोटोकॉल, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायचे नियम. केबल आणि इथरनेट तिन्हींना तेच. फरक त्याच्या वरच्या थरांत.

आयपीएक्सचा पत्ता म्हणजे ३२ बिटांचा नेटवर्क नंबर आणि पुढं कार्डाचाच ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातूनच आलेला नंबर. त्यामुळं मशीनला नंबर वाटत बसायला नको, पत्त्यावरून कार्ड शोधणारा एआरपीही नको. ही सोय मला आजही आवडते. फाइलींचं काम एनसीपी हा नेटवेअरचा प्रोटोकॉल थेट आयपीएक्सवरून करतो; माल पोचला का हे तपासणारा वरचा एसपीएक्स प्रिंट सर्व्हरसारख्या मोजक्या कामांना लागतो. डोकेदुखी फ्रेमची, म्हणजे माहितीचं पाकीट कुठल्या साच्यात बांधायचं याची. नेटवेअर ३.११ पर्यंत ८०२.३ नावाचा साचा चालायचा, ३.१२ पासून ८०२.२ आला. सर्व्हरवर एक आणि मशीनवर दुसरा असला की कार्डाचा दिवा छान लुकलुकतो आणि सर्व्हर मात्र दिसत नाही. केबली बदलण्यात माझी अख्खी दुपार गेली; चूक मशीनवरच्या नेट.सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत, एका ओळीत होती.

नेटब्यूईला नेटवर्क थरच नाही, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात नेणारा पत्ताच नाही. १५ अक्षरांचं नाव पुकारायचं, ज्याचं असेल तो ओ देतो. एका खोलीत झकास, राउटरपलीकडं, म्हणजे दुसऱ्या नेटवर्कात, शून्य. नव्यानं लावूच नका.

टीसीपी/आयपीत पत्ता कार्डापासून वेगळा. म्हणून एआरपी, सबनेट मास्क (पत्ता आपल्याच नेटवर्कातला का हे ठरवणारा), गेटवे (बाहेर जायचं दार) हा पसारा आला; पण त्याच पसाऱ्यामुळं मिरजेच्या गोडाऊनमधून यार्डातलं खातं उघडता येतं. शिवाय विंडोज व्हिस्टापासून आयपीएक्स काढूनच टाकलंय, म्हणजे जुनं बिलिंग मशीन बसलं की नवं जोडायची पंचाईत.

माझं मत बदलण्याकडं, पण आधी प्रोग्राम बघा. तो नुसता एफ ड्राइव्हवरच्या फाइली उघडत असेल तर खाली कुठला प्रोटोकॉल आहे हे त्याला कळतही नाही. नव्या सर्व्हरवरचं फोल्डर एफ म्हणून जोडा. नेटवेअरचं लॉगिन किंवा प्रिंटची रांग तो स्वतः हाताळत असेल, तर सध्या हात लावू नका. आणि ६४ बिटी विंडोजवर डॉसचा प्रोग्राम थेट चालत नाही, त्याला ३२ बिटी लागतं; ते विंडोज १० पर्यंतच मिळायचं, विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे.

सुट्टीच्या दिवशी डेटाची कॉपी नव्या सर्व्हरवर टाका, दोन दिवाणजींना एकाच पार्टीचं खातं एकदम उघडायला लावा. दुसऱ्याला 'रेकॉर्ड लॉक आहे' असं आलं, म्हणजे दोघं एकमेकांचं लिहिलेलं पुसणार नाहीत हे दिसलं, तरच सोमवारी सौदे त्यावर घ्या.