हेडसेटमधली घरघर आणि यूएसबी आयसोलेटर नावाची डबी

निकाल आधी सांगते, खटला नंतर. यूएसबी आयसोलेटरने, म्हणजे यूएसबीच्या वाटेतला विजेचा जोड तोडून फक्त डेटा पुढे नेणाऱ्या डबीने, माझ्या डेस्कवरची घरघर पूर्ण बंद केली. तरीही हेडसेटमध्ये आवाज येतोय म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना मी ही डबी घेऊ नका असंच सांगेन.

माझी मांडणी अशी. पीसीतून यूएसबी केबल निघते ती एका छोट्या डॅक-अँपमध्ये, म्हणजे डिजिटल आवाजाचा अॅनालॉग करून तो वाढवणाऱ्या पेटीत, जाते. हेडसेट आणि त्याचा माइक त्या डॅकमध्ये, आणि डॅकच्या मागच्या आरसीए सॉकेटमधून दोन वायरी स्पीकरकडे. डॅकला वेगळा अडॅप्टर नाही, तो यूएसबीच्या 5 व्होल्टवर जगतो. पीसीचा प्लग तीन पिनांचा, स्पीकरचाही तीन पिनांचा. सगळी गोम या शेवटच्या वाक्यात आहे.

गेम खेळताना मी टीममध्ये सूचना देण्याचं काम करते, त्यामुळे माझा माइक जवळजवळ सतत चालू. तक्रार आधी टीमकडूनच आली: "ताई, तुझ्याकडे मिक्सर चालू आहे का?" हेडसेटमध्ये मला जे पुसट ऐकू यायचं, ते त्यांना ठसठशीत जायचं. कारण साधं आहे. माइकचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, 40 डेसिबल ठेवला की व्होल्टेज शंभरपट होतं. ग्राउंडच्या, म्हणजे सिग्नलच्या शून्य व्होल्टच्या, तारेवर बसलेला बारीकसा कचराही शंभरपट मोठा होऊन पलीकडे पोचतो.

आवाज एकच नव्हता, दोन होते. एक खालचा, एकसुरी हुंकार: मेन्समधून येणारा. वीज 50 हर्ट्झची असेल तर 50 आणि 100 वर, 60 ची असेल तर 60 आणि 120 वर तो बसतो. दुसरा वरच्या पट्टीतला, चिरचिरा, आणि हा वागायचा गमतीशीर. लांबलचक पान उघडून माउसचं चाक फिरवलं की प्रत्येक खटक्याला बारीक 'चिर्र'. गेमच्या मेनूत, जिथे फ्रेम रेटला लगाम नसतो, तिथे तो शिट्टीसारखा चढायचा. खेळ सुरू झाला की पट्टी बदलायची, डेस्कटॉपवर आलं की गप्प. ग्राफिक्स कार्ड जसजसा करंट ओढतं आणि सोडतं, त्याचे हेलकावे ग्राउंडवर उमटतात, आणि आपण नेमके तेच ऐकत असतो.

आता निदान. नुसत्या हेडसेटला अर्थिंग नसतं, त्यामुळे एकट्या हेडसेटमुळे ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या तारांचं बंद वर्तुळ, तयार होऊच शकत नाही. लूपला दोन वाटा लागतात. माझ्याकडे पहिली वाट पीसीच्या अर्थिंगमधून यूएसबीच्या ग्राउंडवरून डॅकपर्यंत, दुसरी डॅकपासून आरसीएच्या बाहेरच्या जाळीवरून स्पीकरच्या अर्थिंगपर्यंत. म्हणून चाचणी करायची ती स्पीकरचा स्विच बंद करून नव्हे. स्विच बंद केला तरी जाळी जोडलेलीच राहते. आरसीएच्या दोन्ही पिना उपटायच्या आणि प्लगही काढायचा. मी उपटल्या आणि माइकवरचा हुंकार जागीच मेला, चिरचिर नावापुरती उरली. लॅपटॉपवाल्यांना याहून सोपी चाचणी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर दोष हेडसेटचा नाही, विजेच्या वाटेचा आहे.

डबीच्या आधी जे जे लोक सुचवतात ते सगळं माझ्या खणात आहे. स्वतःचा अडॅप्टर असलेला पॉवर्ड हब डॅकला भरपूर करंट देतो, पण ग्राउंड तोडत नाही; पीसीचा ग्राउंड हबमधून सरळ पलीकडे जातो. केबलवर चढवायचे फेराइटचे मणी मेगाहर्ट्झच्या घरातल्या गोंगाटासाठी असतात, 50 हर्ट्झच्या हुंकाराला ते दिसतही नाहीत. मग आरसीएच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. याने घरघर खरोखर गेली! पण स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या सुरांना लवकर दमतो, आणि घरघरीबरोबर ढोलाचा दमही गेला. स्पीकरवर फक्त व्हिडिओ बघणाऱ्याला तेवढं पुरे आहे, त्याने इथेच थांबावं. मी गाणी ऐकते, मला ते चाललं नाही. हाच ट्रान्सफॉर्मर हेडसेटच्या वायरीत लावायचा सल्लाही बरेचदा दिसतो. तो साफ चुकीचा. हेडसेटच्या कमी ओहमच्या भाराला तो बनलेला नसतो, आणि हेडसेटच्या चार कड्यांच्या पिनेला तीन कड्यांचा आयसोलेटर लावला तर माइक गायब.

यूएसबी आयसोलेटर तोडतो ती डिजिटल वाट. त्यामुळे ऑडिओ सिग्नलला हात लागत नाही आणि ढोल शाबूत राहतो. आत एक चिप असते. अॅनालॉग डिव्हाइसेस कंपनीची एडीयूएम4160 ही यातली जुनी आणि ओळखीची. तिच्यात इवल्या कॉइल्समधून डेटा चुंबकीय मार्गाने उडी मारतो, तांब्याचा धागा मधे कुठेच नाही. कागदोपत्री ती 5000 व्होल्टचं इन्सुलेशन देते, तिचं भावंड 3160 हे 2500 चं. आपल्याला हेडसेटसाठी एवढं लागत नाही, पण मिळतं. डेटाबरोबर 5 व्होल्टही वेगळे काढावे लागतात, त्यासाठी शेजारी एक छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवलेला असतो.

बहुतेकांची फसगत होते ती या कन्व्हर्टरपाशी. यूएसबी 2 चं पोर्ट 500 मिलिअँपिअर देतं, 3 चं 900. पण साध्या डब्यांतला कन्व्हर्टर 1 वॅटचा असतो, म्हणजे 5 व्होल्टला 200 मिलिअँपिअर. माझ्या डॅकला तेवढ्यात भागतं. रंगीत दिवे मिरवणारा यूएसबी हेडसेट लावला तर मात्र आवाज वाढवल्यावर व्होल्टेज बसतं आणि विंडोज 'टुडुंग' करून उपकरण निघून गेल्याचं कळवतं. दिवे बंद करून बघा, कित्येकदा तेवढ्यानेही चालून जातं. काही डब्यांना बाहेरून 5 व्होल्ट द्यायला वेगळं सॉकेट असतं. तिथे दोन पिनांचा चांगला अडॅप्टर लावा. ज्याचं आउटपुट अर्थिंगला जोडलेलं आहे असा तीन पिनांचा लावलात, तर दाराला कुलूप घालून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल. लूप मागून परत आत येतो.

दुसरी भानगड वेगाची. 4160 आणि 3160 या चिपा फुल स्पीडच्या, म्हणजे 12 मेगाबिटच्या. ऐकायला कमी वाटतं, पण हिशोब करा: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, दोन चॅनल म्हणजे सेकंदाला 2.304 मेगाबिट. माइक धरूनही गेमिंगला ढीग जागा उरते. अडतं ते हाय स्पीडशिवाय न चालणाऱ्या डॅकचं. त्यांना 480 मेगाबिटची, 3165 किंवा 4165 जातीची चिप लागते. मी आधी मागवलेल्या डबीवर 'हाय स्पीड' असं ठळक छापलेलं होतं. डॅक जोडला आणि विंडोजच्या यादीतून 96 किलोहर्ट्झच्या वरचे सगळे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, ते) नाहीसे! चार स्क्रू काढले तर आत फुल स्पीडची चिप. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण वर्णन बदललं नाही. तेव्हा छापील शब्दावर जाऊ नका, चिपचा नंबर विचारा. नंबर सांगायला जो कां कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका. आताची डबी खऱ्या हाय स्पीडची आहे, आणि तिने डॅकचे सगळे रेट जसेच्या तसे दिले.

लॅग येतो का, हा हमखास प्रश्न. नाही येत. चिपमधला उशीर इतका सूक्ष्म असतो की खेळणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आता डबीच्या हातात नसलेल्या गोष्टी. गेन पूर्ण चढवल्यावर येणारा 'श्श्श' हा माइकच्या अँपचा स्वतःचा आवाज, तो डबीनंतरही तेवढाच राहिला. मधेच तुटणारा, कडकड असा आवाज येत असेल तर तो बहुधा ड्रायव्हरचा किंवा बफरचा, विजेचा नाही. वायरलेस हेडसेट अडखळत असेल तर त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, यूएसबी 3 च्या पोर्टापासून लांब न्या. या पोर्टांचा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे इंटेलनेच 2012 मध्ये लिहून ठेवलंय. वीतभर एक्स्टेंशन केबल पुरते. आणि ज्यांचा हेडसेट कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये आहे त्यांनी आधी मागच्या जॅकमध्ये लावून बघावं. पुढच्या जॅकची वायर बरेचदा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते. मागेही चिरचिर आली तर साधा यूएसबी डॅक घ्या. स्पीकर जोडलेले नसतील तर आयसोलेटरपर्यंत जायची वेळ सहसा येणार नाही.

कन्सोल आणि पीसी दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सअँप असेल तर ऑप्टिकल केबल हाच पहिला उपाय. तिच्यातून प्रकाश जातो, ग्राउंड जात नाही. मिक्सअँपला 5 व्होल्ट कन्सोलच्या पोर्टातून न देता फोनच्या चार्जरमधून द्या. पॉवर बँकही चालते, पण करंट फार कमी ओढला जात असेल तर ती झोपी जाते आणि ऐन सामन्यात आवाज बंद.

एक सल्ला मात्र मला कुठेही दिसला तरी अंगावर काटा येतो: तिसरी पिन टेप लावून झाका किंवा काढून टाका. घरघर जाते, हे खरं. पण आत कधी फेज बॉडीला टेकली, तर विजेला उरलेली वाट तुमच्या कानातल्या हेडसेटमधून जाईल. पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा, अर्थिंगमधला फरक कमी होतो आणि त्याला काही खर्च नाही. पिनेला हात लावू नका.

माझ्या डबीबद्दल एक तक्रार उरतेच. पीसी झोपेतून उठला की डॅक कधीकधी सापडत नाही, केबल काढून परत खोचावी लागते. विंडोजमधली यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ही वीज वाचवणारी सोय बंद केल्यावर हे कमी झालं, गेलं नाही. म्हणून डबी डेस्कच्या मागे चिकटवायचा बेत सोडून दिला आणि ती कीबोर्डच्या उजव्या अंगाला, हाताशी ठेवली आहे.