कॉर्फू, पावसासकट: अडीच महिन्यांच्या मुक्कामानंतर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं ग्रीसच्या कॉर्फू बेटावर उतरलो आणि डिसेंबरच्या मध्यावर परतलो. निवृत्तीनंतर यादी घेऊन धावायचं नाही, एका जागी निवांत राहायचं, एवढाच बेत होता. जुन्या शहरात तिसऱ्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं. परत येऊन आता चार महिने झालेत.

आधी हवामान, कारण सगळे तेच विचारतात. ग्रीक बेट म्हटलं की सांतोरिनीची पांढरी घरं आणि कोरडं ऊन डोळ्यांपुढे येतं. कॉर्फू तसं नाही. आयोनियन समुद्रावरून येणारे ढग समोरच्या मुख्य भूमीवरच्या डोंगरांना अडतात, त्यामुळे इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे त्यातले सर्वांत ओले महिने. पण आपल्या कोकणासारखी झड आम्हाला लागली नाही. रात्री विजांसह कोसळायचा, सकाळी दहाला लख्ख ऊन. ऑक्टोबरभर अशा उघडिपीत समुद्रात पोहलो.

पहिले दोन आठवडे आम्ही तारखा ठरवून फिरत होतो आणि भिजत होतो. मग वाऱ्याकडे बघायला शिकलो. दक्षिणेचा सिरोको सुटला की हवा चिकट होते, अंग जड पडतं. त्या दिवशी शहरातच राहायचं. लिस्टन नावाच्या रस्त्यावरच्या कमानींखाली कॉफी घेऊन तासन् तास बसता येतं, पाऊस आत येत नाही. वारा उत्तरेकडे फिरला की आकाश धुऊन निघतं, अल्बेनियाचे डोंगर हाताशी आल्यासारखे दिसतात. तो दिवस पालेओकास्त्रित्साच्या किनाऱ्याचा, किंवा 906 मीटर उंच पांटोक्राटोर डोंगराचा. शेजारच्या पाक्सोस बेटाची बोट मात्र वाऱ्यामुळे दोनदा रद्द झाली. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी असला बेत ठेवू नका.

खरा त्रास घराचा झाला. जाड भिंतींची जुनी इमारत, देखणी, पण आतून दमट. कपडे वाळायला तीन-तीन दिवस, चामड्याच्या पिशवीवर बुरशी. जाहिरातीत ‘हीटिंग’ लिहिलं होतं, प्रत्यक्षात एकच एसी निघाला आणि विजेचं बिल वेगळं. हवेतला ओलावा ओढणारं यंत्र मागितल्यावर दहा दिवसांनी आलं, आणि त्या रात्रीपासून घर राहण्याजोगं झालं. घर ठरवताना हे यंत्र आहे का आणि ऊन कुठल्या खोलीत येतं, दोन्ही आधी विचारा.

ऑक्टोबर संपताच किनाऱ्यावरची गावं मिटून जातात, खानावळींना कुलपं. शहर मात्र जागं असतं, कारण आयोनियन विद्यापीठाची मुलं इथे असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बेटाचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत स्पिरिदोनची मिरवणूक निघाली. 1673 ची प्लेगची साथ ओसरली त्याची ही आठवण. गावचे बँड लाल-निळ्या गणवेशात वाजवत चालले होते, मधेच सर आली, पण रांग मोडली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खाण्याचं आणखी एक सुख. ग्रीक जेवण सहसा तिखट नसतं, पण इथलं बुर्देतो, म्हणजे लाल मिरचीतली माशांची आमटी, खाऊन हिने पहिल्याच घासाला मान डोलावली. शाकाहाऱ्यांनी त्सिगारेली मागावं: रानभाज्या, लसूण, लाल तिखट. आणि स्पियानादाच्या मैदानाच्या कडेने नक्की चाला. ब्रिटिशांच्या काळात, 1823 पासून, इथे क्रिकेट खेळलं जातंय. नोव्हेंबरच्या ओल्या गवतावर दोन मुलं टेनिसच्या चेंडूने खेळताना बघून मी अर्धा तास तिथेच उभा होतो.

पुढच्या ऑक्टोबरसाठी घर शोधतोय. दक्षिणेला खिडक्या असलेलं, तेवढीच अट.