नंबरच्या काचेचा स्नॉर्कल मास्क: ऑकलंडचा उन्हाळा, फिजीचा वीकएंड

माझा नंबर उणे साडेचार, शिवाय थोडा सिलिंडर, म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर. चष्मा काढून पाण्यात उतरलं की मला प्रवाळाच्या जागी रंगीत धुकं दिसतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात जायला डोळ्यांच्या डॉक्टरांचा नकार. पाण्यातल्या जंतूंनी बुबुळाला संसर्ग होऊ शकतो म्हणे. म्हणून नोव्हेंबरात, नळीने श्वास घेत पाण्याखाली बघण्यासाठी, नंबरच्या काचा बसवता येणारा स्नॉर्कल मास्क घेतला. साध्या मास्कच्या दुपटीहून महाग पडला.

तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यात मिळतात, त्यात सिलिंडर नसतो. मला वाटलं होतं डोकं दुखेल, पण नाही दुखलं. पाण्यात वस्तू तशाही सुमारे तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे बारीक कसर झाकली जाते. बोटीवर चढल्यावर मात्र दूरचं किंचित पसरट दिसतं.

उन्हाळाभर तो ली गावाजवळच्या गोट आयलंडला वापरला. 1975 पासूनचं हे न्यूझीलंडचं पहिलं सागरी राखीव क्षेत्र. तिथले स्नॅपर मासे इतके धीट की तोंडासमोर येऊन थांबतात. सुरुवातीला मास्कवर सारखी वाफ धरायची. कारखान्यातून येताना काचेवर एक पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोनतीनदा चोळल्यावर तो गेला. आता उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब लावून विसळते. नवऱ्याच्या मास्कमध्ये मिशीतून पाणी शिरतं, त्यावर अजून तरी तोडगा नाही. मिशी काढायला तो तयार नाही.

खरा फायदा कळला जूनमध्ये. पहिल्या सोमवारची सुट्टी जोडून फिजीला गेलो. ऑकलंडहून फिजीतलं नांदी विमानाने तीन तासांच्या आसपास, आणि भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. दोनतीन दिवसांसाठी जाणारे बहुतेक जण नांदीजवळच्या डेनाराऊ बंदरातून यासावा बेटांची बोट पकडतात. वरच्या टोकापर्यंत जायलाच चार तासांहून जास्त लागतात. एवढ्या थोड्या वेळात मला ते पटत नाही. आम्ही क्वीन्स रोडने सिगाटोका गावाच्या पुढे, कोरल कोस्टला किनाऱ्यालगत राहिलो. पायऱ्या उतरलं की प्रवाळ.

पण इथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिकीट काढण्याआधी बघावं. किनाऱ्यालगतचं प्रवाळाचं पठार ओहोटीला गुडघाभर पाण्यात येतं. पोहायला गेलं तर पोट खरचटतं आणि प्रवाळही मोडतं. भरतीच्या आधीचे-नंतरचे दोन-दोन तास कामाचे. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे शनिवारी सकाळी 9 ची असेल तर सोमवारी पावणेअकराच्या सुमारास. परतीचं विमान त्या हिशोबाने घ्यावं. दुसरं म्हणजे, गावांसमोरच्या प्रवाळावर पिढ्यान्पिढ्या त्या-त्या गावाचा हक्क आहे, त्याला गोलीगोली (qoliqoli) म्हणतात. रिसॉर्टच्या हद्दीबाहेर जायचं तर आधी विचारा. आम्ही टॅक्सीवाल्याकडून चौकशी केली. तो गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशातला, हिंदी बोलणारा, त्यामुळे सोपं गेलं.

स्वतःचा मास्क असल्याने भाड्याच्या काउंटरवरची रांग टळली आणि भरतीचे ते मोजके तास पाण्यातच गेले. निळाशार तारामासा, कडा नागमोडी असलेले मोठे शिंपले आणि एकदा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा समुद्रसाप, हे सगळं रेषा न् रेषा स्पष्ट दिसलं. साप विषारी पण शांत असतो. त्याच्या वाटेत येऊ नये एवढंच.

आता खोट. पट्ट्याची बकल सहा-सात महिन्यांत वाळूने अडकायला लागली, गोड्या पाण्यात रात्रभर ठेवून सुटली. सिलिकॉनची कड सनस्क्रीनमुळे पिवळी पडली आहे. म्हणून आता चेहऱ्याला कमी लावते आणि अंगात लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घालते.

घेताना दुकानातच पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तरच घ्या. आणि नंबर उणे एकच्या आसपास असेल तर पैसे वाचवा. पाण्यात वस्तू जवळ भासतात, साध्या मास्कनेही भागेल.