बॉस्टनचा जमिनीखाली गेलेला हायवे आणि त्याच्या डोक्यावरची बाग, बाबांसोबत चालून आल्यावर

आधी मार्क सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. वरच्या बागेला, म्हणजे ग्रीनवेला, पाचपैकी साडेचार, खालच्या टनेलला साडेतीन. दोन्ही एकाच कामातून झालं (खांबांवरचा जुना हायवे जमिनीखाली नेला, त्या 'बिग डिग'मधून), तरी मार्क वेगळे का, ते खाली लिहिलंय.

मी मेडफर्डला राहते, बॉस्टनच्या उत्तरेला. आय-93 हायवे आमच्या रोजच्या आयुष्यात आहे, ऑफिस, एअरपोर्ट, पाहुणे आणणं-सोडणं सगळं त्यावरूनच. बाबा सांगलीला बांधकाम खात्यात होते, सगळी नोकरी रस्ते आणि पूल यांच्यात गेली. 2002 मध्ये रिटायर झाल्यावर ते पहिल्यांदा इकडे आले तेव्हा आय-93 चा जुना हायवे अजून उभा होता, शहराच्या अगदी मधून, लोखंडी खांबांवर, हिरव्या रंगाचा आणि गंजलेला, खाली कायम अंधार आणि घरघर. आणि त्याच्याच खाली नवीन टनेल खणणं चालू होतं. आम्ही त्यांना बंदर दाखवायला नेलं होतं पण बाबा कुंपणाच्या जाळीपाशी उभे राहिले ते तासभर हललेच नाहीत. "अगं वरून गाड्या चालल्यात आणि खालून पाया काढलाय, हे पेललंय कशावर?" हा एकच प्रश्न. तेव्हा मला काही सांगता आलं नाही. यंदा जूनमध्ये ते परत आले, आता ऐंशीचे आहेत, हातात काठी आहे, म्हणलं आता नीट वाचून ठेवते आणि तुम्हाला पूर्ण चालवून आणते.

आम्ही रेड लाइन सबवेने साऊथ स्टेशनला उतरलो. गाडी मुद्दाम नेली नाही, तुम्हीही नेऊ नका, पार्किंगचे दर बघून जीव कासावीस होतो आणि तिन्ही-चारी सबवे लाइन या बागेच्या आसपास येतात. बाग साधारण दीड मैल लांब आहे, तिकीट नाही, फाटक नाही. चायनाटाउनच्या टोकाला बांबू लावलेत, तिथून सुरू करून उत्तरेला नॉर्थ एंड या वस्तीपर्यंत जायचं. ऐंशी वर्षांच्या माणसाला जमेल का अशी मला धाकधूक होती पण बसायला जागा भरपूर आहे आणि रस्ता सपाट आहे, त्यामुळे दर दहा मिनिटांनी टेकत टेकत आम्ही तीन तासात पोचलो.

ड्यूई स्क्वेअरला एका उंच भिंतीवर मोठं रंगीत चित्र आहे, लोक त्यासमोर फोटो काढतात. मी बाबांना सांगितलं की बाबा ही साधी भिंत नाही, खालच्या टनेलला हवा आत घेणारी इमारत आहे. झालं, बाबा चित्र सोडून इमारतीच्या मागे गेले, जाळ्या कुठे आहेत ते बघायला.

तिथल्याच बाकावर बसून मी त्यांना 2002 च्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आधी दोन्ही बाजूंनी जमिनीत खोल चर खणायचा, माती ढासळू नये म्हणून त्यात चिकणमातीचा गाळ भरून ठेवायचा, मग त्यात काँक्रीट ओतत गेलं की गाळ वर येतो आणि जमिनीतच भिंत तयार होते. काही ठिकाणी या भिंती 120 फूट खोल गेल्यात. मग दोन भिंतींवर आडव्या मोठ्या लोखंडी तुळया टाकल्या, जॅक लावून वरच्या हायवेचा भार त्या तुळयांवर घेतला, आणि मगच जुने खांब खालून कापले. म्हणजे ज्या भिंतींनी वरचा रस्ता तोलून धरला त्याच नंतर टनेलच्या भिंती झाल्या. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे टेकूच दिला. पण काय टेकू दिला!" आमच्या बाबांकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी आयुष्यात ऐकलेली नाही.

साऊथ स्टेशनचं तर अजून अवघड. तिथे टनेल रेड लाइनच्या खालून जातं आणि पुढे अ‍ॅक्वेरियमपाशी ब्लू लाइनच्या वरून, म्हणजे आधी खोल बुडी मारायची आणि थोड्याच अंतरात जमिनीलगत वर यायचं. आणि एअरपोर्टकडे जाणारा आय-90 या दुसऱ्या हायवेचा फाटा रेल्वेच्या रुळांखालून न्यायचा होता तेव्हा जमिनीत नळ्या घालून थंडगार खारं पाणी फिरवलं, माती गोठवून दगडासारखी केली आणि टनेलचे काँक्रीटचे डबे जॅकने हळूहळू आत ढकलले, वर लोकल गाड्या चालूच. हे सांगताना मला स्वतःला काटा आला.

आता टनेलला मार्क कमी का. पैसे आणि जीव, दोन्ही कारणांनी. 1982 च्या भावाने 280 कोटी डॉलरचा अंदाज होता, झाले 1,480 कोटी, व्याज धरलं तर 2,000 कोटींच्या वर. सप्टेंबर 2004 मध्ये भिंतीतून पाणी आत आलं. आणि 10 जुलै 2006 ला रात्री आय-90 च्या फाट्यात छताचे काँक्रीटचे स्लॅब, 26 टन, एका गाडीवर पडले, एअरपोर्टला निघालेली एक बाई गेली. कारण काय तर स्लॅब टांगलेले बोल्ट ज्या इपॉक्सीने, म्हणजे एका प्रकारच्या गोंदाने, बसवले होते ती लवकर सुकणाऱ्या जातीची होती, कायम लटकत्या भाराखाली ती हळूहळू सरकत जाते. डबे ढकलण्याइतकं अवघड काम जमलं आणि छताचे बोल्ट धरले नाहीत, याचा मला आजही राग येतो, त्या टनेलमधून जाताना दर वेळी नजर वर जातेच. बाबा म्हणाले की आमच्याकडेही असंच, मोठ्या कामावर सगळ्यांचं लक्ष असतं, बारक्या कामाची तपासणी कोण करतो.

चालवायला मात्र टनेल चांगलं आहे, जुन्या हायवेशी तुलनाच नको. 1959 मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा दिवसाला 75,000 गाड्या धरलेल्या होत्या, नव्वदच्या दशकात 2 लाखाच्या आसपास जायला लागल्या, दीड मैलात 27 रॅम्प, म्हणजे चढायउतरायचे फाटे, रोज दहा तासाच्या वर ट्रॅफिक जाम. आता गर्दीच्या वेळी गाड्या तुंबतात पण बाकी वेळी पाच मिनिटात पलीकडे, आणि उत्तरेला बाहेर पडल्यावर अचानक समोर झेकिम पूल, पांढऱ्या केबल पंख्यासारख्या पसरलेल्या, दहा लेन, संध्याकाळी निळा लाइट. नवीन लोकांना एक सांगते, आत जीपीएसचा भरवसा धरू नका, कुठला एक्झिट घ्यायचा ते आत शिरायच्या आधी पाठ करा.

ग्रीनवेचं सगळ्यात आवडलेलं म्हणजे कारंजी. जमिनीतून गोल रिंगणात पाणी उडतं आणि पोरं चड्डीवर पळतात, त्यांच्या आया बाजूला चपला धरून बसलेल्या. पुढे मेरी-गो-राउंड आहे त्यात घोडे नाहीत, लॉब्स्टर, कोल्हा असे इथलेच प्राणी आहेत. मग आर्मेनियन लोकांच्या आठवणीतली बाग, आणि शेवटी नॉर्थ एंडची हिरवळ, जिथे इटालियन आजी-आजोबा बसलेले असतात. हा भाग बघितला की कळतं हायवेने काय केलं होतं. तो बांधताना सुमारे 20,000 लोकांना घरं सोडावी लागली, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं नॉर्थ एंड एका लोखंडी भिंतीपलीकडे राहिलं. हायवे खाली न्यायच्या कल्पनेमागे जो माणूस सगळ्यात चिकाटीने लागला, फ्रेड साल्वुची, राज्याचा ट्रान्सपोर्ट सेक्रेटरी, त्याच्या स्वतःच्या आजीचं घर असंच दुसऱ्या हायवेसाठी गेलं होतं. मला वाटतं ते घर आठवत असल्यामुळेच तो इतकी वर्षं दमला नाही.

अर्धा मार्क का कापला तर मध्येच दोन-तीन ठिकाणी टनेलचे रॅम्प उघडेच आहेत, त्यावर इमारती बांधून झाकायचा बेत होता, पैशाअभावी राहून गेला. चालता चालता हिरवळ संपते आणि खड्ड्यातून गाड्यांचा आवाज येतो. बाथरूमसाठी आम्ही क्विन्सी मार्केटमध्ये जाऊन आलो, म्हातारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर हे आधीच ठरवून ठेवा.

अजून एक, जे या शहराबद्दल मला फार महत्त्वाचं वाटतं. बॉस्टनमधून आय-95 हा अजून एक हायवे सुद्धा जाणार होता. झोपडपट्टी म्हणून नाही, चांगल्या नांदत्या वस्त्यांची घरं पाडून त्याच्यासाठी जागा मोकळी केली होती, लोक रस्त्यावर उतरले आणि 1970 मध्ये गव्हर्नर सार्जंट यांनी काम थांबवलं, नंतर रद्दच केलं. म्हणून आज आय-95 शहराला वळसा घालून रूट 128 या जुन्या रस्त्यावरून जातो, आणि मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून 1987 पासून सबवेची ऑरेंज लाइन धावते. म्हणजे एक हायवे बाहेर वळवला, एक जमिनीखाली वळवला. पण आमच्या बाजूला, समरव्हिलमधून, आय-93 अजून खांबांवरच जातो, घरांच्या खिडक्यांसमोरून. डाउनटाउनला बाग मिळाली आणि समरव्हिलच्या पोरांना धूर, हे मला पटत नाही आणि कधीच पटणार नाही. भरपाई म्हणून टनेलच्या बदल्यात सबवे वाढवायचं वचन होतं, ती ग्रीन लाइन आमच्या मेडफर्डपर्यंत यायला डिसेंबर 2022 उजाडला. आली ते चांगलं झालं, आम्ही रोज वापरतो, पण केवढी वाट बघायला लावली.

परत येताना बस समरव्हिलमध्ये त्या खांबांखालून गेली. बाबा खिडकीतून वर बघत होते. "याला कधी टेकू देणार?" असं त्यांनी विचारलं, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

जायचं असेल तर शुक्रवार किंवा शनिवार धरा, नॉर्थ एंडच्या टोकालाच हेमार्केटचा भाजीबाजार भरतो आणि संध्याकाळकडे भाव पडतात. आम्ही लिंबं, मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार जुड्या घेतल्या, पिशवी बाबांनी काठीला अडकवून स्वतःच धरली.