रेंज गावात नव्हती की फोनात?

आमच्याकडे रेंजचं रडगाणं जुनं आहे. देवरुखच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती दीड हात जाड. पडवीत फोन लागतो, माजघरात लागत नाही, आणि त्याबद्दल कोणी ब्रही काढत नाही. त्यामुळे नवा फोन घरात येऊन मुका झाला तेव्हा पहिले चार दिवस मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. दुकानदारानेही पुढे दीड महिना मला याच एका गोष्टीवर खेळवलं.

११ फेब्रुवारी २०२४. भाच्याकडे डोंबिवलीला गेलो होतो. परतीच्या आदल्या दिवशी मुंबईच्या उपनगरातल्या एका दुकानातून फोन घेतला. (दुकानाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) बाकीचे २४ हजार सांगत होते, इथे साडेएकवीस. वर काच आणि कव्हर फुकट. तिथेच सिम घातलं, रेंजच्या काड्या भरलेल्या. हिला घरी फोन लावला, आवाज खणखणीत. आणखी काय बघायचं? बिलाचा विषय काढला तर म्हणाला, "काका, पक्कं बिल केलं तर वर जीएसटी लागेल. एस्टिमेटवर न्या, वॉरंटीला काही फरक पडत नाही." छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, हे मला माहीत होतं. तरी घेतलं. अडीच हजार वाचत होते ना! खिशात साडेअकरा हजार रोख होते, उरलेले १० हजार यूपीआयने दिले. ते घेताना त्याचं तोंड वाकडं झालं. पुढे तेवढेच पैसे मला सिद्ध करता आले.

घरी येऊन चार्जर लावला तर पिना बारीक आणि बोर्डात सैल. हात लागला की निसटायचा, म्हणून खाली काड्यापेटी टेकवून ठेवायचो. माहितीपुस्तकात दहा-बारा भाषा, पण हिंदीची एक ओळ नाही. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आणि सोडून दिल्या. चाळीस वर्षं हापूसच्या कलमांत गेली, पान बघून झाडाला काय झालंय ते सांगतो, पण हातातलं खोकं काही वाचता आलं नाही.

पाचव्या दिवशी दुकानात फोन केला, अर्थात जुन्या फोनवरून. "तुमच्या गावात टॉवरच नसेल काका, फोन काय करणार?" हे पटण्यासारखंच होतं. पुन्हा केला तर म्हणे, "खालून मुठीत धरू नका, अँटेना तिथे असतो." मी आठ दिवस फोन निरांजनासारखा दोन बोटांत धरून खळ्यात उभा राहून बोलत होतो. भाच्याला सांगितलं तर तो हसत सुटला. २०१० साली अ‍ॅपलचा आयफोन ४ आला, तेव्हा त्याची कडेची स्टीलची पट्टीच अँटेना होती. डाव्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकलं की रेंज पडायची. स्टीव्ह जॉब्सने आधी लोकांना हेच सांगितलं होतं म्हणे, की तसा धरू नका. ओरड झाल्यावर जुलैत पत्रकार परिषद घेऊन कंपनीने सगळ्यांना फुकट कव्हर दिली. माझ्या फोनला तर कव्हर पहिल्या दिवसापासूनच होतं.

मी म्हटलं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवतो. तर दुकानदार घाईने म्हणाला, "तिथे महिनाभर ठेवून घेतात. माझ्याकडे द्या, माझी ओळख आहे." तेव्हा हा आपलेपणा वाटला. २६ फेब्रुवारीला खाजगी बसने फोन भाच्याकडे पाठवला, त्याने दुकानात दिला. ९ मार्चला परत आला. "मदरबोर्डला नवं सॉफ्टवेअर मारलंय, आता तक्रार येणार नाही." मी भाबडा, सिम पुन्हा त्यात घातलं. त्याच आठवड्यात पहिल्या तोडीच्या १४ पेट्या भरून ठेवलेल्या. वाशीचा दलाल दोन दिवस फोन करत होता आणि त्याला ऐकू येत होतं, आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. त्याने दुसऱ्या बागेतला माल उचलला. माझ्या पेट्या देवरुखात मिळेल त्या भावाने गेल्या. १६ मार्चला फोन पुन्हा बसमध्ये घातला.

शिमग्याला भाचा आला तो फोन घेऊनच. "काही दोष सापडला नाही" असा निरोपही होता. भाचा म्हणाला, "मामा, काड्या मोजू नका. काड्या किती दाखवायच्या हे ज्याची ती कंपनी ठरवते. आकडा बघू." फोनच्या सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. खळ्यात एका चिऱ्यावर जुना फोन ठेवला, उणे ९७. तेच सिम नव्यात घालून त्याच चिऱ्यावर ठेवला, उणे ११८. वीसचा फरक म्हणजे शंभर पट कमी ताकद, हे त्याच्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी देवरुखच्या बाजारात तोच खेळ केला, तर ८४ आणि ८६. तिथे दोघे बरोबरीचे! अँटेना बिघडला असता तर बाजारातही बिघडलेलाच दिसला असता. इथे काहीतरी वेगळं होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने *#०६# दाबलं, आयएमईआय, म्हणजे फोनचा १५ आकडी ओळखक्रमांक, घेतला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "काका, हा फोन इथला नाहीच. युरोपात विकायचा माल आहे. याला भारतात वॉरंटी नाही."

दुकानदार मला सेंटरला का जाऊ देत नव्हता, ते आता कळलं. कोडंही सुटलं. माझी सिमकंपनी ४जीसाठी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ अशा तीन लहरी वापरते. त्यांतली ८५०ची, म्हणजे बँड ५, लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. आमची वाडी तिच्याच जिवावर बोलते. नेमका तोच बँड या युरोपच्या फोनात नव्हता. मुंबईत टॉवर डोक्यावर, तिथे बाकीच्या दोन लहरी पुरतात. दुकानात काड्या भरलेल्या दिसल्या त्या खोट्या नव्हत्या. फोन चांगलाच होता, फक्त आमच्यासाठी नव्हता.

त्या मुलीला मी विनंती केली की हे सगळं जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या तपासणीच्या कागदावर, लिहून द्या. तिने दिलं. माझ्या सगळ्या कागदांत वजन असलेला हा एकच कागद. दुकानाच्या एस्टिमेटवर "मोबाईल १ नग" आणि आकडा, बस. ना दुकानाचं नाव, ना आयएमईआय.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नंबर मिळाला, दुकानाने उत्तर दिलं नाही. मग ओळखीच्या वकिलांकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदतच लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नाकारणं हीसुद्धा. माझे ३० दिवस १२ मार्चला संपत होते आणि त्यातले १२ दिवस फोन त्याच्याच कपाटात होता. पण माझी तक्रार तीस दिवसांच्या आतली होती आणि बसच्या पार्सलच्या पावत्या मी जपल्या होत्या. शिवाय तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. नोटिशीत रत्नागिरी जिल्हा आयोगाचा उल्लेख होता. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "काका, रत्नागिरीला कोण येणार एवढ्या लांब?" माझा फोन बसने हेलपाटे घालत होता तेव्हा हे अंतर त्याला आठवलं नव्हतं.

घासाघीस झाली. रोख दिलेले साडेअकरा हजार त्याने सरळ नाकारले. शेवटी १६ हजारांवर आला, अट अशी की तक्रार मागे घ्यायची आणि दुकानाचं नाव कुठे काढायचं नाही. मी सही केली. आंब्याचा हंगाम अंगावर होता आणि ही म्हणाली, संपवा एकदाचं. साडेपाच हजार गेले, १४ पेट्यांचा तोटा वेगळाच. ती सही अजून खुपते, कारण त्या दुकानात त्या आठवड्यातही कोणीतरी एस्टिमेटवर फोन घेतला असणार.

ज्यांचा फोन अस्सल आहे आणि तरी रेंज येत नाही, त्यांचं दुखणं याहून किचकट. दुकान कंपनीकडे बोट दाखवतं, कंपनी सिमवाल्याकडे, सिमवाला तुमच्या भिंतीकडे. त्यांनी दोन्ही फोन एका चौकटीत घेऊन, आकडे दिसतील असा व्हिडिओ काढून ठेवावा, तारीख आणि जागेसह. "दोष आढळला नाही" असं लिहिलेली जॉबशीटही मागून घ्यावी, कितीदा गेलात त्याचा तोच पुरावा. आयोग फोन प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मात्र मग निकालासाठी कायद्यातलीच मुदत ३ऐवजी ५ महिन्यांची आहे.

आणि घेतानाच बघायचं ते खोकं. आयातदाराचं किंवा उत्पादकाचं भारतातलं नाव-पत्ता, सर्व करांसह किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर, हे छापलेलं नसेल तर फोन खाली ठेवा. खोक्यावरचा, फोनमधला आणि बिलावरचा आयएमईआय एकच हवा. इंग्रजीत KYM लिहून पुढे तो नंबर १४४२२ला पाठवला तर फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, ते एसएमएसने कळतं. चार्जरच्या पिना बोर्डात सैल बसत असतील तर मला आठवा.

मे महिन्यात देवरुखातच दुसरा फोन घेतला, २४ हजार २००, पक्क्या बिलावर. दुकानदार ओळखीचा, तरी मी चष्मा लावून खोक्याची चारी बाजू वाचली. तो काही बोलला नाही, चहा मागवला. फोन पडवीत लागतो. माजघरात लागत नाही.