हार्ट अटॅकचा धोका सांगणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर : वापरून बघितले, काय पटलं आणि काय नाही

ताईला अटॅक आला तेव्हा ती ४६ वर्षांची होती. सिगारेट नाही, शुगर नाही, बीपीची गोळी नाही, वजनही बेताचंच. त्या रात्री जबडा दुखत होता, पाठीत भरून आलेलं, मळमळ, अंगाला दरदरून घाम, आणि आम्ही सगळे पित्त झालं असेल पित्त झालं असेल म्हणत सकाळपर्यंत बसून राहिलो. बाईमाणसाला या वयात कुठला अटॅक येतोय, असं कुणी तोंडाने बोललं नाही पण प्रत्येकाच्या डोक्यात तेच होतं. सकाळी ईसीजी काढला, मग धावाधाव. आता ती बरी आहे, स्टेंट बसवलाय, गोळ्या चालू आहेत.

ती घरी आल्यावर मी तिची जुनी फाइल काढली. अटॅकच्या सहा महिने आधीचे रिपोर्ट होते त्यात. ते आकडे घेऊन मी नेटवरच्या रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये भरले, बघू तरी हा आधी सांगू शकला असता का म्हणून. उत्तर आलं, पुढच्या दहा वर्षांत धोका एक टक्क्याच्या आत. हिरवा रंग, लो रिस्क.

तेव्हापासून मी या कॅल्क्युलेटरांच्या मागेच लागलेय, म्हणून हा रिव्ह्यू. सगळे फुकट आहेत, ब्राउझरमध्ये उघडतात, आणि बीपी-कोलेस्टेरॉलचे आकडे हाताशी असतील तर पाच मिनिटांत होतं.

सगळ्यात जास्त वेळ मी पूल्ड कोहॉर्ट इक्वेशन्सवर घालवला. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ मध्ये आणलेलं हे गणित, वयाची मर्यादा ४० ते ७९. वय, लिंग, वंश, टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल (म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल), वरचं बीपी, बीपीची गोळी चालू आहे का, शुगर, सिगारेट एवढंच विचारतं आणि दहा वर्षांत अटॅक किंवा स्ट्रोक येण्याची शक्यता टक्क्यांत देतं. वंशाच्या रकान्यात आपल्यासारख्यांना ‘इतर’ निवडावं लागतं आणि आतून गणित मात्र गोऱ्या लोकांचंच लागतं, हे आधीच सांगून ठेवते.

मी काय केलं, एक काल्पनिक माणूस घेतला. कोलेस्टेरॉल २१३, एचडीएल ५०, बीपी १२०, शुगर नाही, सिगारेट नाही, गोळी नाही. हे सगळं तसंच ठेवलं आणि फक्त वय आणि लिंग बदलत गेले. ४५ चा पुरुष, २ टक्के. ५५ चा, ५.३. ६५ चा, जवळपास १२. ७५ ला पोचला की २२ च्या वर, म्हणजे थेट हाय रिस्क, कारण २० पासून पुढे हाय धरतात. बिचाऱ्याचं बाकी काहीच बिघडलेलं नाही, नुसते वाढदिवस झालेत. वय हाच यातला सगळ्यात जड आकडा आहे हे वाचून माहीत होतं, पण असं डोळ्यासमोर घडताना बघितल्यावर खरं कळलं.

मग त्याच माणसाची बाई केली. ४५ ला ०.९, ५५ ला २.१, ६५ ला ५.३, ७५ ला १४. आता ६५ च्या बाईचा आकडा बघा आणि ५५ च्या पुरुषाचा बघा, तोच आहे, ५.३! म्हणजे बायका साधारण दहा वर्षं मागून चालतात. ५२ देशांतल्या लोकांवर झालेला इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास २००४ मध्ये छापून आला होता, त्यातही बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा आलेला दिसला, त्यामुळे या गणितावर माझा विश्वास वाढला. अजून एक, ५५ ला पुरुषाचा धोका बाईच्या अडीचपट दिसतो, ७५ ला दीडपटीच्या जरा वर. पाळी जाईपर्यंत इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं जे थोडं संरक्षण असतं ते नंतर कमी होतं, पण कॅल्क्युलेटरमध्ये तरी कुठे एकदम उडी दिसत नाही, हळूहळू चढतच जातं.

मग सिगारेटच्या रकान्यात ‘हो’ केलं आणि मला धक्का बसला. ४५ चा सिगारेट ओढणारा पुरुष सरळ ५.४ वर, म्हणजे न ओढणाऱ्या ५५ वाल्याच्या शेजारी जाऊन बसला. आणि ५५ ची ओढणारी बाई ५ टक्क्यांवर, म्हणजे तिच्याच वयाच्या न ओढणाऱ्या पुरुषाच्या जवळजवळ बरोबरीला, बाई असण्याचा सगळा फायदा एका रकान्यात संपला. शुगरचं म्हणाल तर अभ्यासांत असं दिसलंय की शुगर असली की बायकांचा धोका पुरुषांच्या मानाने जास्त पटीने वाढतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला शेजारी बसवून हा रकाना एकदा हो, एकदा नाही करून दाखवा. मी माझ्या भावाला दाखवला, तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता, काही बोलला नाही.

तर मग ताईचं काय? मी खूप दिवस यावर विचार केला. कॅल्क्युलेटर खोटं बोलला असं मला म्हणता येत नाही. त्याने एवढंच सांगितलं की तिच्यासारख्या शंभर बायका घेतल्या तर दहा वर्षांत त्यातल्या एकीलाही जेमतेम येईल. ती एक कोण हे तो सांगत नाही, सांगूच शकत नाही. पण तो ज्या गोष्टी विचारतच नाही त्यात ताईची गोष्ट होती. दुसऱ्या बाळंतपणात तिचं बीपी खूप वाढलेलं, पायावर चेहऱ्यावर सूज, लघवीत प्रोटीन, डॉक्टरांनी बाळ लवकर काढलं. प्री-एक्लॅम्प्सिया. बाळंतपणानंतर बीपी नॉर्मल झालं आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. ज्या बाईला हे होतं तिला पुढे आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे तिला त्या चौदा वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. गरोदरपणातली शुगर, ४० च्या आत पाळी जाणं, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा संधिवातासारखे आजार, हेही धोका वाढवतात आणि यातलं काहीही त्या नऊ रकान्यांत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल गाइडलाइनमध्ये प्री-एक्लॅम्प्सिया आणि लवकर गेलेली पाळी धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणून स्वतंत्र लिहिल्यात खऱ्या, पण तो आकडा बघून झाल्यावर डॉक्टरने आठवणीने विचारायचं असतं. विचारलं तर.

या बाबतीत इंग्लंडचा क्यूरिस्क३ मला जास्त आवडला. २०१७ चा आहे, २५ ते ८४ वयापर्यंत चालतो, मायग्रेन विचारतो, ल्युपस, संधिवात, किडनी, स्टिरॉइड, गंभीर मानसिक आजार, पुरुषांना लैंगिक दुर्बलता सुद्धा विचारतो (ते खरंच हृदयविकाराचं आधीचं लक्षण असू शकतं, लाजून रकाना रिकामा ठेवू नका). वंशाच्या यादीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी वेगवेगळे आहेत. वर ‘तुमच्या हृदयाचं वय’ म्हणून एक आकडा देतो, तो टक्क्यांपेक्षा पटकन समजतो. आईवडील किंवा भावंडांत कुणाला ६० च्या आत अटॅक आलाय का हेही विचारतो. पण प्री-एक्लॅम्प्सिया त्यातही नाही. ते आलं त्याच्या पुढच्या, २०२४ च्या क्यूआर४ मध्ये, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसोबत. इतकी वर्षं लागली याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेचा नवा प्रिव्हेंट, २०२३ चा, तोही बघितला. वंशाचा रकाना काढून टाकलाय, किडनीचा आकडा घातलाय, ३० वर्षांपासून चालतो. सर्वात महत्त्वाचं म्हणजे ६० च्या आतल्यांना ३० वर्षांचा धोका पण देतो. तरुणांसाठी हाच आकडा बघण्यासारखा आहे, कारण ३५ व्या वर्षी दहा वर्षांचा धोका कसाही कमीच येतो, बीपी वाढलेलं असलं तरी, आणि माणूस हिरवा रंग बघून निर्धास्त होतो. आधीच्या गणितापेक्षा हा बहुतेकांना कमी टक्के देतो, कारण जुनं गणित आजच्या लोकांचा धोका फुगवून सांगतं असं बऱ्याच ठिकाणी दिसून आलं होतं.

एक ॲप मात्र वाईट निघालं, नाव लिहित नाही. स्त्री की पुरुष हे विचारलंच नाही, वयाऐवजी ‘३० ते ५०’ असा एकच गट, आणि शेवटी लाल रंग दाखवून तपासण्यांचं पॅकेज. ज्याच्यात वय आकड्यात आणि लिंग विचारत नाहीत, कोणतं गणित वापरलंय ते लिहीत नाहीत, ते उघडून लगेच बंद करा.

यातलं कुठलंही कॅल्क्युलेटर आधी अटॅक येऊन गेलेल्यांसाठी नाही, ताईला आता याचा उपयोग नाही. आणि त्रास होत असताना तर अजिबातच नाही. छातीत दुखणं बायकांतही सगळ्यात जास्त दिसणारं लक्षणच आहे, फक्त त्यासोबत धाप, मळमळ, जबडा, पाठ, कमालीचा थकवा हे त्यांच्यात जास्त असतं आणि मग ते पुढे येतं, छाती मागे राहते. तेव्हा वय आणि टक्के काढत बसू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा. आम्ही सकाळपर्यंत थांबलो होतो.

क्यूरिस्क३ ला पाचपैकी चार. प्रिव्हेंटला साडेतीन, बाळंतपणाबद्दल एक प्रश्न घातला तर अजून अर्धा देईन. पूल्ड कोहॉर्टला तीन, पण वय-लिंगाचा खेळ समजून घ्यायला तोच वापरा.

मागच्या आठवड्यात मी माझा स्वतःचा आकडा काढला, वय ४३, ०.७ टक्के. प्रिंट घेतली. अमेरिकेच्या गाइडलाइनमध्ये बहिणीला किंवा आईला ६५ च्या आत, भावाला किंवा वडिलांना ५५ च्या आत अटॅक आला असेल तर तो धोक्यात धरतात, आणि मी भरलेल्या फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नव्हती. म्हणून प्रिंटच्या खाली पेनाने लिहिलं, सख्खी बहीण, अटॅक, वय ४६. सोमवारी डॉक्टरांकडे तोच कागद घेऊन जातेय.