वडिलांचा स्वतःचा धंदा असेल तर मुलांची पोटगी: दरमहाचा हुकूम की तडजोडनामा?

मुलांचे वडील नोकरीत असले तर न्यायालय पोटगीची रक्कम थेट पगारातून कापून पाठवायला सांगू शकते. धंदा स्वतःचा असला की कापून पाठवणारे तिसरे कोणी उरत नाही. मग मुख्यतः दोन मार्ग राहतात. एक, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, दरमहा ठरावीक रकमेचा हुकूम घेणे. दुसरा, समुपदेशक किंवा मध्यस्थांसमोर बसून तडजोडनामा करणे आणि तो न्यायालयाच्या निकालाचा भाग करून घेणे. माझ्या मुलीचे वडील संत्र्याचे व्यापारी आहेत. ते बहराचे बगीचे, म्हणजे झाडावरचे फळ, विकत घेतात आणि माल नागपूरच्या कळमना बाजारात व परप्रांतात पाठवतात. मी आधी हुकूम घेतला आणि पुढे तडजोडनामा केला, त्यामुळे पुढचे सारे या एका अनुभवावरून लिहिले आहे, एवढे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

उत्पन्न बाहेर काढण्याच्या बाबतीत हुकुमाचा मार्ग निःसंशय सरस आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी असेही सांगितले. अडचण अशी की, छोट्या व्यापाऱ्याला आयकर कायद्यात हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा दाखवण्याची मुभा आहे. वर्षाला ५० लाखांची रोखीची उलाढाल असणारा माणूस ४ लाखांचे, म्हणजे महिन्याला जेमतेम तेहतीस हजारांचे उत्पन्न दाखवून मोकळा होऊ शकतो. ताज्या फळांवर जीएसटी नसल्यामुळे त्या बाजूचा कागदही हाती लागत नाही. अशा वेळी त्यांनी कर्जासाठी बँकेत दिलेले कागद मागवून घ्यावेत, असे मी आवर्जून सांगेन, कारण पोटगीच्या शपथपत्रात तोकडे दिसणारे उत्पन्न कर्जाच्या अर्जात बरेच ऐसपैस असते. आमच्या प्रकरणात गाडीच्या कर्जाच्या कागदांनीच रक्कम मानाजोगी ठरली.

ठरलेली रक्कम हाती पडण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि माझा निर्णय तिथेच फिरला. आंबिया बहराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो आणि मृगाचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. त्यानंतर पावसाळा सरेपर्यंत त्या व्यापाऱ्याच्या हातात खेळता पैसा फारसा नसतो, आणि विदर्भातल्या शाळा नेमक्या जूनअखेरीस उघडतात. पैसे थांबले की मी वसुलीचा अर्ज करीत असे. तो रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे कायद्याला धार आहे. पण तारखेच्या दिवशी थकबाकीतला काही भाग भरला जाई आणि त्यासोबत अर्ध्या पानाची पुरसिस, म्हणजे न्यायालयाला दिलेले लेखी निवेदन, येई: ‘काही रक्कम जमा केली आहे, उर्वरित रक्कम पुढील तारखेस देतो.’ त्यावर वॉरंट थांबे. पुढच्या तारखेला तोच मजकूर, फक्त आकडा बदललेला. पोटगी बुडाली असे म्हणता येत नव्हते, पण ती शाळेच्या शुल्काच्या वेळी कधीच आली नाही. शुल्क मी दरवर्षी उसनवारीने भरले आणि पैसे दिवाळीनंतर हाती आले. ज्यांना उसने द्यायला माहेर नाही, त्यांचे काय होत असेल, हा विचार मला अजूनही सोडत नाही.

तडजोडनाम्यात म्हणूनच आम्ही रकमेपेक्षा वेळेला महत्त्व दिले. शाळेचे पुढच्या वर्षाचे शुल्क त्यांनी डिसेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत थेट शाळेच्या खात्यात भरायचे. घरखर्चाची मासिक रक्कम हुकुमापेक्षा कमी ठेवली, मात्र तिच्यात दरवर्षी वाढ लिहून घेतली. मुलीच्या नावे मुदत ठेव करून न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती मोडता येणार नाही, असेही घातले. घटस्फोटानंतर या ठेवीचे व्याज करासाठी मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जाते, हे आईने विसरू नये. एक हप्ता चुकला तर त्या वर्षाची उरलेली सारी रक्कम एकदम देय होईल, हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. कागदावर पाहता मी कमी स्वीकारले असे कोणी म्हणू शकेल, आणि ते खोटेही नाही. तरी त्यानंतर शाळेची पावती वेळेवर येते आहे.

अर्थात तडजोडीसाठी समोरचा माणूस किमान बोलायला तयार हवा. जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत, किंवा धंदा भावाच्या नावावर चढवण्याची तयारी दिसते, तिथे मी कोणत्याही बहिणीला आधी हुकूमच घ्यायला सांगेन. महिलांना उत्पन्नाची अट न लागता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. माझ्या मते तडजोड करायची असली तरी ती शपथपत्र दाखल झाल्यावर आणि शक्य तर अंतरिम (निकालापर्यंतची तात्पुरती) पोटगी मंजूर झाल्यावरच करावी, म्हणजे आकडा अंदाजावर ठरत नाही. मसुदा वाचताना ‘यापुढे मुलांसाठी काहीही मागणार नाही’ असे वाक्य दिसले तर ते काढायला लावावे. मुलाचा पोटगीचा हक्क आईला सोडून देता येत नाही, आणि परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागता येते. तरीही ते वाक्य कागदावर राहिले, तर पुढे त्याच्यावरच वाद घालण्यात वेळ जातो.